चौदाव्या लुईला ‘नाही’ म्हणायची सोय होती का?

मागच्या अंकात सतराव्या शतकातल्या फ्रान्सवर चार पानं लिहिली होती, राजाच्या एकट्याच्या हातात सगळी सत्ता कशी गोळा होत गेली त्याबद्दल, आणि त्यावर खूप मेल आले. सगळ्यांना उत्तर देणं जागेत बसत नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र करून सहा घेतलेत. नावं कुणाचीच टाकलेली नाहीत, गाव तेवढं ठेवलंय.

ताई, मी अकरावीला आहे. आमच्या नोट्समध्ये चौदावा लुई ‘मी म्हणजेच राज्य’ असं म्हणाला असं दिलंय आणि अनियंत्रित राजेशाहीची कारणं म्हणून सरंजामशाहीचा ऱ्हास, व्यापाराची वाढ, तोफा-बंदुका असे पॉइंट आहेत. पाठ केले पण कळलं काहीच नाही. एकाच माणसाचं सगळ्यांनी ऐकायला सुरुवात का केली? (विद्यार्थिनी, लातूर)

तुझा शेवटचा प्रश्न त्या सगळ्या पॉइंटांपेक्षा भारी आहे, त्यामुळे तिथूनच धरू. आधी ते वाक्य बाजूला ठेव. गोष्ट अशी सांगतात की एप्रिल १६५५ मध्ये सोळा वर्षांचा लुई शिकारीच्या कपड्यांत पॅरिसच्या पार्लमांमध्ये गेला आणि तिथल्या न्यायाधीशांना हे बोलला. पार्लमां म्हणजे आपण समजतो ती संसद नाही हं, ते तिथलं वरिष्ठ कोर्ट, पण राजाचा कुठलाही हुकूम त्यांच्या रजिस्टरात चढला की मगच लागू व्हायचा आणि चढवण्याआधी ते आक्षेप घेऊ शकायचे, तिथेच त्यांची ताकद होती. तर राजा तिथे गेला हे खरं, चिडून गेला हेही खरं, पण त्या दिवसाच्या नोंदींमध्ये हे वाक्य नाही, ते मागाहून त्याच्या तोंडी घातलं गेलंय. उलट १७१५ साली मरताना तो जे बोलला ते जवळच्या लोकांनी टिपून ठेवलंय, की मी चाललोय पण राज्य कायम राहणार आहे. म्हणजे तो स्वतः मी वेगळा आणि राज्य वेगळं असंच धरून होता.

आता लोकांनी ऐकायला सुरुवात का केली. कुठल्याही काळात माणसं एकाच्या हातात सगळं द्यायला तयार झाली की त्याआधी त्यांच्यावर काय गुदरलंय ते बघायचं. फ्रान्समध्ये १५६२ पासून १५९८ पर्यंत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांना मारत होते, १५७२ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर प्रोटेस्टंटांची कत्तल झाली, १५८९ मध्ये एका राजाला भोसकलं, १६१० मध्ये दुसऱ्याला, भर रस्त्यात, गाडीत बसलेला असताना. या धुमाळीतच, १५७६ साली, झाँ बोदँ नावाच्या कायदेपंडिताने लिहिलं की राज्यात शेवटचा शब्द एकाचाच असला पाहिजे आणि तो वाटून घेता येत नाही. हे कुणा खुशमस्कऱ्याचं लिखाण नव्हतं, घरं जळताना बघितलेल्या माणसाचं होतं.

मग लुईचं स्वतःचं बालपण बघ. जन्म १६३८ चा, बाप गेला तेव्हा पोरगं पाच वर्षांचंही नव्हतं, कारभार आई अ‍ॅनकडे आणि मुख्य मंत्री माझारिन. स्पेनशी लढाई चालू, पैसा नाही, टॅक्स वाढतच चाललेले, आणि १६४८ मध्ये सरकारने न्यायाधीशांच्या पगाराला हात घातला तशी कोर्टंच एकत्र येऊन उलटली. ब्रुसेल नावाच्या एका म्हाताऱ्या, लोकांच्या लाडक्या न्यायाधीशाला ऑगस्टमध्ये पकडलं आणि पॅरिसभर रस्ते अडवले गेले, त्याला सोडावं लागलं. जानेवारी १६४९ मध्ये ५ तारखेच्या रात्री राणी दोन पोरं घेऊन गुपचूप शहराबाहेर सँ-जर्मांला पळाली, तिथला राजवाडा रिकामा होता, फर्निचरच नव्हतं, त्यामुळे दरबारातल्या बड्या बड्या बायका गवताच्या पेंढ्यावर झोपल्या. आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला लंडनमध्ये पहिल्या चार्ल्सचं डोकं उडवलं, तो लुईच्या सख्ख्या आत्याचा नवरा, आणि ती आत्या तेव्हा पॅरिसमध्येच आसऱ्याला होती. दहा वर्षांच्या पोराच्या कानावर हे आलं नसेल असं होऊच शकत नाही.

फेब्रुवारी १६५१ मध्ये तर अफवा उठली की राणी परत पोराला घेऊन पळणार, आणि रात्री लोक राजवाड्यात घुसले, राजा दाखवा म्हणाले. आईने दारं उघडायला लावली. पॅरिसची साधी माणसं एकामागून एक त्या बेडरूममधून गेली, बारा वर्षांचा लुई पांघरूण घेऊन डोळे मिटून पडून होता. मला हा सगळा इतिहास समजायला त्या एका रात्रीने जेवढी मदत केली तेवढी कुठल्या पॉइंटांनी केली नाही. पुढे तो पॅरिसमध्ये राहायला कायम का टाळायचा, ते इथे दिसतं.

या सगळ्या बंडाळीला फ्राँद म्हणतात. १६५३ पर्यंत चालली. कोर्टवाले वेगळे, राजपुत्र वेगळे, कोंदेसारखा नावाजलेला सेनापती चक्क स्पेनला जाऊन मिळाला, आणि सगळ्यांच्या फौजांनी पॅरिसभोवतालची गावं खाऊन टाकली. शेवटी लोक म्हणाले, नको हे दहा मालक, एकच असू दे. तोफांचा पॉइंट खोटा नाही, किल्ल्याच्या जुन्या भिंती तोफेपुढे टिकत नाहीत आणि तोफखाना पोसणं एकट्यादुकट्या सरदाराच्या ऐपतीत नव्हतं, शिवाय १६२६ मध्ये लुईच्या बापाच्या मुख्य मंत्र्याने, रिशल्यूने, सरहद्दीवर नसलेले किल्ले पाडायचा हुकूम काढलाच होता. पण परीक्षेत लिहिताना आधी हा वैताग लिही, मग तोफा.

मे महिन्यात युरोप टूरला गेलो होतो. व्हर्सायमध्ये गाइडने सांगितलं की राजाने सगळ्या सरदारांना इथे सोन्याच्या पिंजऱ्यात ठेवून नाचवलं. एवढे लढवय्ये लोक, ते असे कसे ऐकून घेतील? (वाचक, पुणे)

गाइड लोक हे सांगतातच, आणि तो आरशांचा हॉल बघितल्यावर पटतंही. पण थोडा हिशोब करा. फ्रान्समध्ये सरदार घराण्यांतली माणसं लाखाच्या वर होती, व्हर्सायला नोकरचाकर धरून फार तर दहा हजार मावायची. म्हणजे बहुतेक सरदार आपापल्या गावीच होते, शेती बघत, कोर्टकज्जे करत, आणि त्यातल्या कित्येकांनी राजाला जन्मात बघितलं नसेल.

जे मोठे होते ते मात्र आले, आणि स्वतःहून आले, कर्ज काढून आले. का, तर वाटप तिथे व्हायचं. सैन्यातली रेजिमेंट, एखाद्या प्रांताची गव्हर्नरी, धाकट्या पोराला बिशपची गादी, पोरीच्या लग्नाला रक्कम, पेन्शन, सगळं एका माणसाच्या हातून. सें-सिमाँ नावाचा एक ड्यूक तिथेच राहायचा, राजाबद्दल त्याला अजिबात प्रेम नव्हतं, आणि त्यानेच लिहून ठेवलंय की दरबारात न दिसणाऱ्या माणसासाठी कुणी काही मागितलं की राजा म्हणायचा, हा माणूस माझ्या नजरेला पडत नाही. बस, एवढ्यावर विषय संपला.

सकाळचं बघा. आठच्या सुमाराला मुख्य खिदमतगार पडदा सारून सांगायचा की वेळ झाली. मग डॉक्टर, मग घरची माणसं, मग ठरलेल्या क्रमाने एकेक गट आत. राजाला शर्ट कुणी द्यायचा हे ठरलेलं, हजर असलेल्यात जो सगळ्यात मोठा त्याने. रात्री झोपायच्या वेळी एक छोटं मेणबत्तीचं स्टँड असायचं, ते धरायचा मान त्या दिवशी कुणाला द्यायचा ते राजा तिथल्या तिथे नाव घेऊन सांगायचा. खोलीत उजेड भरपूर असायचा, त्या मेणबत्तीची गरज काहीच नव्हती. पण ज्याचं नाव घेतलं त्याची दुसऱ्या दिवशी दरबारभर चर्चा, आणि ज्याचं नाही घेतलं तो झुरत बसायचा. आपल्याकडे मानपानावरून लग्नं मोडलेली आपण बघितलीयेत, त्यामुळे यात काय ताकद आहे हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

आणि एक विसरू नका, दरबार कायमचा व्हर्सायला आला तो १६८२ च्या मे महिन्यात. तोपर्यंत लुईने स्वतः कारभार हातात घेऊन एकवीस वर्षं झालेली होती. मोठ्या सरदारांशी जी तडजोड व्हायची ती आधीच झाली होती, आणि तिची मुख्य अट होती, त्यांच्या टॅक्समाफीला हात लावायचा नाही.

माझी सगळी नोकरी तहसील कचेरीत गेली. मला दरबारापेक्षा वेगळीच उत्सुकता आहे. राजाचा हुकूम खेड्यापर्यंत पोचायचा कसा आणि वसुली कोण करायचं? (निवृत्त अव्वल कारकून, सांगली)

सर, तुमच्यासारख्याने विचारावा असाच प्रश्न आहे, आणि अनियंत्रित राजेशाही खरी होती की नुसती बोलायची हे तुमच्या कचेरीच्या अंगाने बघितलं तरच कळतं.

मुख्य टॅक्स ‘ताय’. उत्तरेच्या बहुतेक भागात तो माणसावर, दक्षिणेत बराचसा जमिनीवर. सरदार माफ, चर्च माफ, कित्येक शहरं माफ, राहिला कोण तर शेतकरी. वरून आकडा यायचा, जिल्ह्यात वाटायचा, मग गावाच्या वाट्याला अमुक इतका. आणि गावात वसुली करायला सरकारी माणूस नव्हताच. गावकऱ्यांतलेच तीन-चार जण पाळीपाळीने नेमायचे, त्यांनीच कुणावर किती बसवायचं ते ठरवायचं आणि घरोघर जाऊन गोळा करायचं, आणि तूट आली तर तुरुंगात हेच जायचे. विचार करा, शेजाऱ्यावर किती टॅक्स लावायचा हे तुम्ही ठरवताय, पुढच्या वर्षी तो तुमच्यावर ठरवणार आहे, आणि पैसे कमी पडले तर बेडी तुमच्या हातात. चांगले कपडे घालायची, दाराशी चांगलं जनावर बांधायची लोकांना भीती वाटायची, की गडी सधन दिसला तर आकडा वाढेल.

मिठाचं तर आणखी वाईट. पॅरिसभोवतालच्या मोठ्या पट्ट्यात आठ वर्षांवरच्या प्रत्येकामागे ठरावीक मीठ सरकारी गोदामातून घ्यावंच लागे, लागो न लागो. आणि शेजारच्या ब्रिटनी प्रांतात मिठावर टॅक्सच नाही, त्यामुळे हद्दीवर मिठाची चोरटी वाहतूक, त्यात बाया, पोरं, अगदी शिकवलेली कुत्रीसुद्धा. एकाच राजाच्या राज्यात मिठाचा भाव असा, वजनं-मापं गावागणिक वेगळी, कायदाही उत्तरेत रूढीचा आणि दक्षिणेत रोमन पद्धतीचा. ज्याला कुणी अडवत नव्हतं म्हणतात त्या राजाने हे का सरळ केलं नाही? कारण हे सगळे त्या त्या प्रांताचे जुने हक्क होते आणि त्यांना हात लावला की आग लागायची. १६७५ मध्ये स्टँप पेपरवर टॅक्स बसवला तर ब्रिटनी पेटली, मग फौज पाठवली, माणसं लटकवली, आणि रेनचं कोर्ट उचलून व्हान गावात नेऊन टाकलं, ते १६९० पर्यंत तिथेच.

आता अधिकारी. इथे तुम्हाला धक्का बसेल. न्यायाधीश, खजिनदार, नोंदणीवाले, यांतली बहुतेक पदं राजा विकायचा. म्हणजे पद ही प्रॉपर्टी. बापाने मुलाच्या नावावर करायचं असेल तर नियम असा होता की राजीनामा दिल्यानंतर बाप चाळीस दिवस जगला पाहिजे, आधी गेला तर पद राजाकडे परत. माणसं आजारपणात दिवस मोजत असतील. १६०४ मध्ये सरकारने ही कटकट संपवली, पदाच्या किमतीचा साठावा भाग दरवर्षी भरा आणि पद खुशाल वारसाला जाऊ द्या. त्याला ‘पोलेत’ म्हणायचे. सरकारला वर्षाला रोख पैसा मिळाला आणि त्या बदल्यात अधिकारी हातातून गेले, कारण जे विकत घेतलंय ते काढून कसं घेणार, पैसे परत द्यावे लागतील आणि ते तर कधीच खर्च झालेत. आपल्याकडच्या वतनाची आठवण होईल तुम्हाला, फरक इतकाच की इथे बाजारभाव लागायचा. लुईचा अर्थमंत्री कोल्बेर याने १६६० च्या दशकात मोजदाद केली तेव्हा अशी विकलेली पदं ४५ हजारांच्या वर निघाली.

या ४५ हजारांच्या डोक्यावर राजाने बसवले ते इंटेंडंट. संख्या किती, तर सगळ्या देशाला मिळून तीसच्या आसपास. यांचं पद विकत घेतलेलं नव्हतं, राजाच्या चिठ्ठीवर नेमणूक आणि चिठ्ठीवर बदली, बहुतेक वेळा परक्या प्रांतात. टॅक्सची वाटणी, सैन्याचा दाणागोटा, कोर्टांवर नजर, रस्ते, दुष्काळ, सगळं यांच्याकडे. आपल्या कलेक्टरच्या कामाशी बरंच जुळतं. फ्राँदच्या वेळी कोर्टवाल्यांची पहिली मागणी काय होती माहितीये का, इंटेंडंट काढून टाका. सरकारने १६४८ मध्ये बहुतेक काढलेही, आणि बंड मोडल्यावर हळूहळू परत आणले. पण तीस माणसं, हाताखाली मोजके कारकून, आणि दोन कोटींचा देश. त्यांचं काम हुकूम सोडून होत नव्हतं. गावचे बडे लोक धरून, कुणाला कॉन्ट्रॅक्ट, कुणाच्या पोराला जागा, कुणाची थकबाकी डोळ्याआड करून व्हायचं. दक्षिणेतल्या लांगदॉक प्रांताचे जुने हिशोब इतिहासकारांनी खोलात जाऊन तपासलेत, तर असं दिसलं की शेतकऱ्याकडून गोळा झालेल्या पैशातला मोठा वाटा पॅरिसला गेलाच नाही, व्याज, पगार, मानधन, देणग्या अशा रूपात तो त्याच प्रांतातल्या बड्या लोकांच्या खिशात परत आला. ते लोक राजाचा जयजयकार का करत होते, ते या वह्यांमध्ये लिहिलंय.

त्यामुळे कुणी म्हटलं की लुईने सरदारांना वाकवलं तर मी म्हणते अर्धंच खरं आहे. लुईने त्यांना भागीदार करून घेतलं आणि बिल शेतकऱ्याच्या नावावर फाडलं. १६६० च्या दशकात शांततेच्या काळात ५०-७० हजारांची असलेली फौज १६९० च्या दशकात साडेतीन लाखांच्या आसपास गेली, १६८९ मध्ये व्हर्सायचं चांदीचं फर्निचर वितळवून नाणी पाडावी लागली, आणि १६९३-९४ ला पिकं बुडाली तेव्हा फ्रान्समध्ये दहा लाखांहून जास्त माणसं भुकेने आणि तापाने मेली. सरदारांवर टॅक्स बसवायची वेळ राजावर आली ती थेट १६९५ मध्ये, माणशी टॅक्स काढून, बावीस वर्गांची यादी करून, पहिल्या वर्गात खुद्द युवराज. कागदावर तो सगळ्यांना होता. पण वशिलेवाल्यांनी थोड्याच वर्षांत आपला आकडा खाली आणून घेतला. माझ्या मते या राजेशाहीची मर्यादा कुठे होती ते दाखवायला हे एक उदाहरण पुरेसं आहे.

याच काळात फ्रेंच लोक सुरतेत होते ना? त्यांच्या राजाला आपल्याकडच्या राज्यकारभाराबद्दल काही माहिती होती का? (वाचक, वसई)

होते. कोल्बेरने १६६४ मध्ये फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी काढली, त्याच वर्षी जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत पहिल्यांदा लुटली होती, आणि फ्रेंचांची वखार तिथे १६६८ मध्ये उघडली. माहितीचं म्हणाल तर फ्रान्स्वा बर्निए नावाचा डॉक्टर मोगल दरबारात बरीच वर्षं काढून परत गेला आणि त्याने थेट कोल्बेरला लांबलचक पत्र लिहिलं. त्याचं म्हणणं असं की हिंदुस्थानात सगळी जमीन बादशहाची, कुणाची स्वतःची प्रॉपर्टी नाही, म्हणून कुणाला जमिनीची काळजी नाही आणि देश उजाड होतोय. हे पत्र वरवर आपल्याबद्दल असलं तरी त्याचा रोख फ्रान्सकडे होता, सगळं राजाचं झालं तर काय होतं ते त्याला आपल्या मंत्र्याला सांगायचं होतं. मात्र दख्खनबद्दल ते चूक होतं, कारण आपल्या गावांमधला मिरासदार जमीन पिढ्यान् पिढ्या राखून होता, ती विकायचा, गहाण टाकायचा, आणि तिच्यासाठी वर्षानुवर्षं भांडायचा. पण युरोपात बर्निएचं चित्र फार काळ खरं मानलं गेलं.

इंग्लंडच्या राजानेही तेच करायचा प्रयत्न केला होता, मग तिथे का जमलं नाही? (वाचक, दादर)

दादरहून प्रश्न आलाय तर मुंबईपासूनच सांगते. दुसऱ्या चार्ल्सला मुंबई पोर्तुगीज राजकन्येशी लग्नात मिळाली, करार १६६१ चा, आणि १६६८ मध्ये त्याने ती कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने देऊन टाकली, कारण इथला खर्च त्याला झेपत नव्हता. दोनच वर्षांनी, १६७० मध्ये, त्याने डोव्हरला लुईशी गुप्त करार करून पैसे घेतले. आपल्याच पार्लमेंटपुढे हात पसरायला नको म्हणून दुसऱ्या राजाकडून पैसे घेणारा राजा, यावरून त्याची तिजोरी कोणाच्या हातात होती ते समजा.

त्याच्या बापाने, पहिल्या चार्ल्सने, १६२९ पासून अकरा वर्षं पार्लमेंटशिवाय चालवून बघितलं. जहाजांसाठी किनाऱ्यावरच्या गावांकडून घ्यायचा जुना टॅक्स १६३५ मध्ये देशभर लावला, कोर्टात केस झाली, बारातल्या सात न्यायाधीशांनी राजाच्या बाजूने निकाल दिला आणि पाचांनी विरुद्ध. राजा जिंकला, पण पाच जण विरुद्ध गेले हे सगळ्या देशाने बघितलं. आणि मग स्कॉटलंडशी लढायची वेळ आली तर कायमची फौज नाही, जिल्ह्यात इंटेंडंट नाही, गावोगावचे कारभारी म्हणजे बिनपगारी स्थानिक जमीनदार, तेच नाराज. १६४० मध्ये पार्लमेंट बोलवावीच लागली आणि पुढे नऊ वर्षांत डोकं गेलं. फ्रान्सकडे विकायला पदं होती म्हणून तिथल्या राजांनी १६१४ नंतर आपली राष्ट्रीय सभा १७८९ पर्यंत बोलवलीच नाही, इंग्लंडच्या राजाकडे तसा साठा नव्हता.

पुढची गंमत अशी की १६८९ नंतर राजाचे हात बांधले गेले आणि अठराव्या शतकात इंग्रज माणूस फ्रेंच माणसापेक्षा डोईमागे जास्त टॅक्स भरायला लागला, सरकारलाही कमी व्याजाने कर्ज मिळायला लागलं, कारण कर्ज फेडायची हमी पार्लमेंटची होती. लुई मेला तेव्हा डोक्यावर अंदाजे २ अब्ज लिव्रचं कर्ज होतं, आणि त्याचं मृत्युपत्र दुसऱ्याच दिवशी, २ सप्टेंबर १७१५ ला, पॅरिसच्या त्याच कोर्टाने, पार्लमांने, रद्द केलं. आक्षेप घ्यायचा जो हक्क लुईने १६७३ मध्ये पाचर मारून बंद केला होता, आधी रजिस्टरात चढवा मग बोला म्हणून, तोही त्यांना लगेच परत मिळाला.

आम्ही तंजावूरकडचे मराठी, आता चेन्नईत. तरंगंबाडीचा डॅनिश किल्ला लहानपणापासून बघतोय. डेन्मार्कमध्येही अशी राजेशाही होती का, की हे फक्त फ्रान्सचं? (वाचक, चेन्नई)

तुमच्या प्रश्नाने मला फार आनंद झाला, कारण हे उदाहरण आपल्याकडे कुणी सांगतच नाही. तो किल्ला १६२० चा, जागा तंजावूरच्या नायकांकडून घेतलेली, आणि नायक जाऊन भोसले आले तरी डॅनिश लोक तंजावूरच्या राजाला वार्षिक भाडं देत राहिले. इकडे भाडेकरू असलेल्या त्या राजाला त्याच्या घरी मात्र १६६० मध्ये अशी सत्ता मिळाली की जी लुईच्याही नशिबी कागदावर नव्हती.

तिसरा फ्रेडरिक १६४८ मध्ये गादीवर आला तेव्हा सरदारांनी त्याच्याकडून कडक करारनामा सही करून घेतला होता, युद्ध असो की टॅक्स, त्यांच्या मंडळाला विचारल्याशिवाय काही नाही. मग स्वीडनशी लढाई झाली, १६५८ च्या थंडीत समुद्र गोठला आणि स्वीडिश फौज बर्फावरून चालत आली, तिसरा हिस्सा मुलूख गेला, आणि उन्हाळ्यात ते परत आले ते कोपनहेगन घ्यायलाच. सल्लागार म्हणाले निघा, राजा म्हणाला मी माझ्या घरट्यात मरेन. फेब्रुवारी १६५९ च्या एका रात्री निकराचा हल्ला झाला आणि शहरातले कारागीर, विद्यार्थी, व्यापारी यांनी तटावर उभं राहून तो परतवला. तेव्हापासून शहरवाल्यांना वाटायला लागलं की राजा आमचा आहे.

सप्टेंबर १६६० मध्ये सगळे वर्ग राजधानीत जमले, देश कंगाल, टॅक्स कुणी भरायचा हा प्रश्न, आणि सरदार म्हणाले आम्हाला माफी आहे. शहरवाले आणि पाद्री भडकले. त्यांनी राजाला वंशपरंपरागत सत्ता देऊ केली, १० ऑक्टोबरच्या सुमारास शहराचे दरवाजे बंद केले, होड्या अडवल्या, कुणालाही बाहेर सोडलं नाही, सरदारांना मान तुकवावी लागली. जुना करारनामा रद्द करून राजाला परत देण्यात आला. नवीन राज्यघटना कशी असावी यावर कमिटी बसली, तिचं एकमत होईना, तर म्हणाले राजालाच ठरवू द्या. म्हणजे फ्रान्समध्ये सरदारांची माफी सांभाळून जे झालं ते इथे त्यांच्या माफीवर चिडलेल्या साध्या शहरी लोकांनी घडवलं, आणि मला वाटतं हा फरक फार मोलाचा आहे.

१६६५ मध्ये त्याचा कायदा लिहिला गेला. राजा सगळ्या मानवी कायद्यांच्या वर, त्याचा न्याय फक्त देव करणार. बंधनं मोजकीच, धर्म लुथरन ठेवायचा, राज्याचे तुकडे करायचे नाहीत, आणि हा कायदा कमी करायचा नाही. युरोपात अनियंत्रित सत्ता अशी कलमवार लिहिलेली दुसरीकडे सापडत नाही. गंमत म्हणजे तो छापला गेला १७०९ मध्ये, तोवर लोक ज्या कायद्याखाली होते तो त्यांनी वाचलेलाच नव्हता, आणि १८४९ मध्ये राज्यघटना आली तेव्हा तो संपला.

तो लिहिणारा पेडर शूमाखर, दारूच्या व्यापाऱ्याचा मुलगा, हुशार, राजाचा विश्वासू. पुढच्या राजाने त्याला ग्रिफेनफेल्ड नाव देऊन सरदार केलं, चॅन्सलर केलं. १६७६ च्या मार्चमध्ये त्याच राजाने त्याला अटक केली, राजद्रोहाचा आरोप, शिक्षा मृत्यूची. जूनमध्ये त्याला चौथऱ्यावर नेलं, जल्लाद तयार उभा होता, आणि अगदी शेवटच्या क्षणी राजाची माफी वाचून दाखवली, जन्मठेप. बावीस वर्षं तो कैदेत होता, त्यातली बरीचशी नॉर्वेत ट्रॉनहाइमसमोरच्या समुद्रातल्या एका छोट्या बेटावर. १६९८ मध्ये आजारी म्हणून सोडलं, पुढच्या वर्षी गेला.